चोराचा भोंगा

जोयड्याच्या स्टँडवर गणेशगुडीची बस काही येईना, तेव्हा मयूरीनं मागच्या बाकावरच्या दोघांकडे कान लावले.

“झिलू, घरात चोराचा भोंगा बसवलास म्हणं?”

“व्हय, माझ्या हातानं. दाराला चुंबक, भिंतीला भोंगा. दार हललं की बोंबलतोय.”

“वाजला काय?”

“पयल्याच दिवशी. मांजरानं दार ढकललं. वाडीला वाटलं, सुपा धरणाचाच भोंगा, पाणी सोडलं. घरं उघडी टाकून समदी डोंगरावर!”

“आणि तू?”

“मी शेतात होतो. तिकडनंच पळालो.”

“अरे, पण आई? तिला तर चालवत न्हाई.”

“परत आलो तर काठी घेऊन अंगणात बसलेली.”

“तिला पाणी येतंय वाटलं न्हाई?”

“वाटलं की. म्हणाली, ‘समदी पळालासा, मग घरं कुणी राखायची?’”