परत न्यायची साडी

भुजंग : काका, पार्सल न्यायला आलोय. मागं बी आल्तो, दाराला कुलूप होतं.

तृप्ती : आईची राख सावडायला गेल्तो आम्ही.

भुजंग : अरे देवा. माफ करा ताई, मला कसं म्हाईत असणार?

तृप्ती : पण कसलं पार्सल, नाना?

बद्रीनाथ : साडी हाये. तुझ्या आईसाठी मागवल्ती.

तृप्ती : कोरी साडी घरात होती? आई गेल्याचं कळलं अन् मी जालन्याहून पळत आले, तर तिच्या अंगावर जुनी. सवाष्ण बाईला नवी नेसवून नेतात. काकूला इचारलं, तर म्हणाली घरात नव्हतीच.

बद्रीनाथ : तुझ्या काकूनं माझी लाज राखली. तिनं पेटीतून साडी काढली, मीच हिसकून घेतली. म्हणलो, टॅग तुटला तर कंपनी परत घेत न्हाई.

तृप्ती : आई समोर पडलेली, अन् तुम्ही हे बोलले?

बद्रीनाथ : तोंडातून गेलं. समद्या बाया माझ्याकडं बघत राह्यल्या.

तृप्ती : आईला आवडली नव्हती का?

बद्रीनाथ : लई आवडल्ती. म्हणली, राहू द्या. पण फोटोत हिरवी होती अन् आली पोपटी. म्हणलो, फोटोपरमाणं माल न्हाई तर परत घ्यावाच लागतो, हक्क हाये आपला. पारावर बी चार जणांना हेच शिकवत होतो.

भुजंग : बराबर हाये काका, घ्यावाच लागतो. दाखवा जरा... टॅग हाये. घडी बी मोडली न्हाई. बिलकुल पास.

तृप्ती : घ्या. पास झाली.

बद्रीनाथ : तृप्ती, तू नेसशील का गं?

तृप्ती : मला नको.

(बद्रीनाथ साडी परत हातात घेतो.)

बद्रीनाथ : नको नेऊ, दादा.

भुजंग : काय हरकत न्हाई. परत द्यायचीच अशी जबरदस्ती थोडीच हाये? कारण काय टाकू?

बद्रीनाथ : टाक काय बी.

भुजंग : ‘मत बदललं’ टाकतो. येतो काका. ताई, संभाळा ह्यांना.

तृप्ती : नाना, अन् पुंजाराम मामा? ते तर माहेरची साडी घेऊन निघाल्ते ना धावड्याहून?

बद्रीनाथ : निघाल्ता. पण गाडी मिळाली न्हाई येळेवर. सरळ स्मशानात आला, तवर लाकडं रचून झाल्ती. इचारलं, दाजी, अक्काला नवी नेसवली ना? मी म्हणलो, व्हय, नवी कोरी.

तृप्ती : मंग?

बद्रीनाथ : मंग त्यानं आणलेली पिशवीतून काढलीच न्हाई. तशीच घेऊन गेला.

तृप्ती : त्यांना खरं सांगा, नाना.

बद्रीनाथ : रोज फोन लावतो. मकाचं इचारतो, म्हशीचं इचारतो, अन् ठेवतो. अजून सांगितलं न्हाई.