रंगूच्या बॅटरीचा झोत

ऐका. शेकोटीला सरका जरा, आन् मधी कुनी बोलू नका.

खालच्या आळीचा रंगू घोलप ठावं हाय न्हवं? त्याच्या बायकोला रातचं कळा सुरू झाल्या. फोनला रेंज न्हाई. नर्सबाई ऱ्हाते पल्याडच्या वस्तीवर. सडकेनं लई वळसा. रंगू म्हनला, माळावरनं, पडक्या विहिरीच्या वाटंनं जातो. हातात बॅटरी हुती. ती करामत कुनाची? माझी! हसू नका. मीच ती खोलली हुती. एलईडीच्या म्होरची साधी काच काढून जाड भिंग बसवलं, आन् कडंनं उजेड सांडू नये म्हनून तोंडाला काळी रबरी नळी चढवली. झोत असा बारीक, पार टेकडीवरचं झुडूप दिसायचं! लई ताठा हुता मला त्याचा.

तर निघाला रंगू. झोत लांब, म्होरं. चालतोय, चालतोय. एक वाळकी बाभळ लागली. गेली मागं. चालतोय, चालतोय. परत तीच बाभळ! म्हनला, दुसरी असंल. तिसऱ्यांदा आली तवा उमगलं. चकवा हो, चकवा! पन घरी बायको कळा सोसतीय, थांबतो कुटं?

मग झोताच्या टोकाला बाई दिसली. पांढरं पातळ, काखेला पिशवी. "नर्सबाई!" रंगू वरडला. ती म्हनली, "या की, इकडनं या." रंगू पळाला. ती तेवढीच लांब! परत पळाला. परत तेवढीच लांब! मग ती हसली, आन् पिशवी उघडली. पिशवीत पोर रडाय लागलं. तान्हं पोर! तुमीच सांगा, बाप थांबंल व्हय?

पळता पळता पाय सरकला. एक दगूड सुटला. आवाज न्हाई... आवाज न्हाई... आन् मग खोल खाली, डुबुक्!

रंगू जागच्या जागी गारठला. बाई म्हनली, "एकच पाऊल."

त्यानं नळी हिसकली, भिंगासकट. उजेड सांडला चारी अंगाला. बाई न्हाई, पोर न्हाई. पायाची बोटं विहिरीच्या काठाभाईर! आरं, लांबचं सगळं दावत हुता माझा झोत, पायाखालचं काय बी न्हाई.

तसाच मागं फिरला, सडक धरली, नर्सबाईला आनलं. उशीर झाला, पन पोरगी झाली. मायलेकी सुखरूप.

सकाळी मी एकटाच बगाय गेलो. जिवाला चैन न्हवती. रंगूला वाटलं, आपुन सरळ चाललोय. माती येगळंच सांगत हुती. विहिरीभवती गोल पावलं. नऊ फेरे! दर फेरा आदीच्यापरीस हातभर आत. नवव्या फेऱ्याला माती संपली हुती. मी तिथंच खाली बसलो आन् रडलो, सांगायला लाज न्हाई.

तवापासनं कुनी किती बी गळ घालू दे, झोत बारीक करून देत न्हाई. आन् तुमी बी त्या वाटंला जाऊ नका. रातचं न्हाई, दिवसा न्हाई, घाई असली तर मुळीच न्हाई. घाईच्याच मानसाला ती बाई हाक मारती.