भर रस्त्यातला जयभीम

गिरजाबाई : अरे, बस ना एका जागी! कवाचा दारात जाऊन राहिला अन् वापस येऊन राहिला. कोन येनार हाय?

राजदीप : कोई नहीं, आई.

गिरजाबाई : भय्याजी बी आले नाही आज. तुहे बाबा गेले तवापासून संध्याकाळचा चहा इथंच पेतात ते, कधी खाडा नाही. तब्येत बिघडली का काय? जा बरं, पाहून ये.

राजदीप : तब्येत ठीक हाय त्यांची.

गिरजाबाई : तुले कसं मालूम?

राजदीप : दुपारी दिसले. नेहरू नगरात.

गिरजाबाई : मंग तुह्या क्लासची जागाच पाह्याले आले असतील! बोर्ड कवा लागते, बोर्ड कवा लागते, करून डोकं खाल्लं होतं माह्यं. आत बसवलं ना त्याइले?

राजदीप : नाही.

गिरजाबाई : कावून?

राजदीप : मालक बाजूले उभा होता. चाबी देऊन राहिला होता. तेवढ्यात काकांनी रोडच्या तिकडून सायकल थांबवली अन् आवाज दिला, "जयभीम, राजदीप!" पूरा रोड पलटून पाहून राहिला होता, आई.

गिरजाबाई : प्लांटमधी भट्टीजवळ जिंदगी गेली त्याइची. हळू बोलनं येतच नाही. तू काय म्हनलं?

राजदीप : छोड़ ना.

गिरजाबाई : राजदीप. काय म्हनलं तू?

राजदीप : "हाँ जी, नमस्ते." जैसे किसी स्टूडेंट के पापा हों.

गिरजाबाई : मालकानं ऐकलं का पन, काका काय म्हनले ते?

राजदीप : पहले ये पूछेगी तू?

गिरजाबाई : भेव वाटते रे बाप्पा! याच्या आधी दोघा मालकांनी आडनाव ऐकून नाही म्हनलं तुले, ते मी विसरली का? पन वाईट केलं तू. लय वाईट केलं. बाबा दवाखान्यात भरती होते तवा रातभर बसनारा मानूस हाय तो.

राजदीप : मालूम है, सब मालूम है मेरे को! मुँह से निकल गया. ते सायकलवर बसले अन् गेले. दुपारपासून फोन लावून राहिलो, उचलत नाही.

गिरजाबाई : आपल्याच कॅम्प वस्तीतल्या मानसाले फोन कायले लागते? मागच्या गल्लीत तं राहतात. पायानं जा.

राजदीप : जाके क्या बोलूँ?

(दाराबाहेर सायकल स्टँडवर लावल्याचा आवाज.)

भय्याजी : नमस्ते जी. आत येऊ का?

गिरजाबाई : असं काय करता भय्याजी? जयभीम. या, बसा. चांगलं झाडा त्याले, मी मधात पडत नाही.

भय्याजी : जयभीम, वहिनी. कायले झाडू? सर झाला तो आता.

राजदीप : जयभीम, काका. गलती झाली.

भय्याजी : जयभीम. घरात चांगला म्हनतं तू.

राजदीप : जागा पाहिजे होती मले. मालकाले समजलं असतं तं चाबी वापस घेतली असती त्यानं.

भय्याजी : घेतली बी असती. मी कुठं नाही म्हनून राहिलो? कोनासंग उभा हाय तू, ते मी पाहिलंच नाही. खुशीत होतो गा मी. खुशीत आवाज दिला.

राजदीप : उद्या या ना, काका. मालक येनार हाय, बोर्डाची जागा दाखवाले. त्याच्यासमोर म्हना. मी जवाब देतो, पक्का.

भय्याजी : नाही. आता मी नाही आवाज देनार.

राजदीप : काका, एक बार...

भय्याजी : उद्या मी त्याच रोडनं जाईन. आवाज तू देजो. मनातून आला तं.

राजदीप : अन् नाहीच निघाला तोंडातून तं?

भय्याजी : तं मी तसाच समोर निघून जाईन. संध्याकाळी चहा प्याले येतोच इथं.

राजदीप : अन् दिला तं?

भय्याजी : मले उत्तर देता येते.