परक्याची खुर्ची

“पडद्याकडे नको बघूस. माणसाकडे बघ.”

हे वाक्य ज्यांनी मला ऐकवलं, त्या आमच्या ताई आज व्यासपीठावर मधल्या खुर्चीत अवघडून बसल्या आहेत. मधे बसायची त्यांना सवय नाही. आयुष्यभर त्या कोपऱ्यातच बसल्या, अंधारात, आणि तिथून सगळ्यांवर नजर ठेवली.

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांच्या संस्थेत आम्ही सारे कापाकापी करून पोट भरतो. आजचे प्रमुख पाहुणे दंतवैद्य डॉक्टरसाहेब. ज्यांचे एकाहून एक सुंदर शॉट आम्ही कापले आणि तरीही जे आज मनात काही न ठेवता आले, ते आमचे कॅमेरामन दादा. ताईंचे यजमान, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भावोजी. आणि समोर जमलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, मित्रमैत्रिणींनो, तुम्हा सगळ्यांना माझा नमस्कार.

बाहेरून आलेल्यांना मघापासून एक प्रश्न पडला असेल. चित्रपट संकलन करणाऱ्या बाईंचा निरोप समारंभ, आणि प्रमुख पाहुणे दाताचे डॉक्टर? चुकून दुसऱ्याच सभागृहात तर आलो नाही ना? नाही, मंडळी. तुम्ही बरोबर जागी आला आहात. थोडा धीर धरा.

आमच्या संकलनाच्या खोलीत एक जुनी खुर्ची आहे. तिचं रेक्झिन फाटलंय, डावा हात डुगडुगतो. तिला आम्ही ‘परक्याची खुर्ची’ म्हणतो. ताईंचा नियम असा की, कुठलाही चित्रपट किंवा मालिकेचा पहिला भाग खोलीबाहेर जाण्याआधी या खुर्चीत एक पूर्ण परका माणूस बसवायचा. त्याने कथा ऐकलेली नको, तो कुणाचा नातेवाईक नको, त्याला आपल्या कामाची भीडभाड नको. त्याला चित्रपट दाखवायचा आणि आपण त्याच्याकडे बघायचं. तो कुठे मान खाजवतो, कुठे चुळबुळतो, कुठे पाय हलवायचा थांबतो, ते पाहायचं. त्याला मत विचारायचं नाही. ताई म्हणतात, “तोंडाने लोक चांगलंच बोलतात गं. पाय खोटं बोलत नाहीत.”

आता दर वेळी परका माणूस आणायचा कुठून? तर आमच्या शेजारच्या दारावर डॉक्टरसाहेबांची पाटी. त्यांच्याकडे दिवसभर पेशंट ताटकळलेले. ताई सरळ आत जायच्या आणि विचारायच्या, “कुणाला वेळ आहे का हो? सिनेमा दाखवते.” गाल सुजलेला कुणीतरी उठून यायचाच. तिथे बसून आतल्या मशीनचा आवाज ऐकण्यापेक्षा सिनेमा कधीही बरा.

माझ्या पहिल्याच आठवड्यात असे एक गृहस्थ आले, गालाला हात लावून. मी आपली उत्साहाने पडद्याकडे बघत होते. ताईंनी माझी हनुवटी धरून मान वळवली आणि ते मघाचं वाक्य ऐकवलं. मग कानात म्हणाल्या, “त्यांचा हात गालावरून खाली आला की समज, सीन जमला.” चित्रपटाच्या मध्यावर कुठेतरी त्यांचा हात अलगद मांडीवर आला. ताईंनी माझ्याकडे अशा अभिमानाने पाहिलं, जणू दाढ त्यांनीच काढली होती!

डॉक्टरसाहेब, तुमच्या वेदनेवर आमचा धंदा चालला. तुमचे आभार मानावेत की तुमच्या पेशंटची माफी मागावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ही पद्धत नेहमी बरोबरच ठरली असं मात्र नाही हं. एकदा दवाखाना बंद होता आणि चित्रपट तर पाठवायचाच होता. ताई मला म्हणाल्या, “तुझ्या सासूबाईंना आण. त्या माझ्या तर कुणी नाहीत ना?” सासूबाई नटूनथटून आल्या. कोर्टाचा सीन सुरू झाला आणि त्यांचे डोळे मिटले. ताईंनी अख्खं कोर्ट उडवलं. वकील, न्यायाधीश, साक्षीदार, सगळे गेले. दिग्दर्शक आमच्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते. पुढे चित्रपट टीव्हीवर लागला, तेव्हा सासूबाई मला विचारतात, “अगं, ते कोर्ट कुठे गेलं? मला तेच पाहायचं होतं. त्या दिवशी मेली सर्दीची गोळी घेतली होती, डोळेच उघडेनात!”

मी धावत जाऊन ताईंना सांगितलं. त्या हसत हसत खाली बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “असू दे. तरी तो सीन लांबच होता.”

आणि भावोजी, तुमचंही सांगून टाकते. तुम्हाला त्या खुर्चीत एकदाच बसवलं होतं, पुन्हा का बोलावलं नाही, हे तुम्हाला कधी कळलं नसेल. ताई वैतागून बाहेर आल्या होत्या. “काही उपयोग नाही यांचा,” म्हणाल्या, “पूर्णवेळ माझ्याकडेच बघत बसलेत.”

आत्ताही ताई माझ्याकडे बघत नाहीयेत, बरं का. त्या तुमच्याकडे बघताहेत. उजवीकडच्या काकांनी मघाशी घड्याळ पाहिलं, ते त्यांनी टिपलंय. आणि आता मला बोटांनी कात्रीची खूण करताहेत. ताई, आज तुमचं ऐकणार नाही. आज कापायचा अधिकार माझ्याकडे आहे.

मंडळी, एक गोष्ट मात्र मला सांगायलाच हवी. माणसाकडे बघ, हे त्या फक्त कामापुरतं म्हणत नव्हत्या.

मुलगी झाल्यावर मी कामावर परतले, त्या दिवसाची गोष्ट. तान्ह्या मुलीला आईकडे सोडून आले होते. मी अगदी शिस्तीत काम करत होते, निदान मला तसं वाटत होतं. मागून ताईंचा आवाज आला, “तुझं लक्ष दाराकडे आहे. उद्यापासून तिला इकडे घेऊन ये.” मी म्हटलं, “अहो ताई, ती रडेल.” त्या म्हणाल्या, “रडू दे. आपल्या नायिकेपेक्षा बरी रडेल.”

मग सोफ्यावर दोन उशांच्या मधे मुलगी झोपायची आणि आम्ही आवाज बारीक करून काम करायचो. ती उठू नये म्हणून जिथे जमेल तिथे संवाद काढून टाकले, गाणं कमी केलं, नुसते चेहरे ठेवले. चित्रपट आला, तेव्हा परीक्षणात छापून आलं की, संकलनात मौनाचा फार प्रगल्भ वापर केला आहे. तो प्रगल्भ वापर आज तिसऱ्या रांगेत बसलाय आणि आईने हे सांगू नये म्हणून मला डोळे वटारून दाखवतोय.

पुढच्या महिन्यात ती शिकायला दुसऱ्या शहरात जाणार आहे.

आणि नेमक्या याच दिवसांत माझ्या हातात एक चित्रपट आहे. ताईंशिवाय मी पूर्ण करत असलेला हा पहिलाच. त्यात एक आई आहे. मुलगी बॅग घेऊन घराबाहेर पडते, आई दार लावते आणि कडीवरचा हात तसाच ठेवून उभी राहते. उभीच राहते. दिग्दर्शक म्हणतात, लांबतंय. अध्यक्ष महोदय, तुम्हीही म्हणालात, लांबतंय. प्रथेप्रमाणे शेजारून दोन पेशंट आणले. एकाचा हात गालावरून खाली आला, दुसऱ्याने गाल आणखी घट्ट धरला. सोमवारी दुपारी चित्रपट माझ्या हातातून जाईल. मग ती बाई दारात जितकी उभी राहिली तितकीच, कायमची.

माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल. तिथे उभी असलेली आई त्या चित्रपटातली आहे की माझ्या घरातली, हे मला कळेनासं झालंय. शॉट चांगला आहे म्हणून मी तो ठेवतेय, की मलाच ते दार सोडवत नाही?

मी ताईंकडे गेले. म्हटलं, एकदा बघा. त्या म्हणाल्या, “नाही बघणार.” मी म्हटलं, “ताई, एकच सीन.” तर म्हणाल्या, “मी बघितला तर तू माझ्या चेहऱ्याकडे बघून कापशील. मग तो तुझा राहणार नाही.” आणि विषय बदलून मला चहा केला. त्यांचा नकार असाच असतो, साखर घातलेला.

असो. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला टोचलं असेल, तर तो भाग आपण मनातल्या मनात कापून टाका. ते कसं करायचं, हे या सभागृहात मी शिकवायची गरज नाही. हा समारंभ ज्यांनी धावपळ करून जमवला त्यांचे, फुलं आणणाऱ्यांचे, माईकवाल्या दादांचे आणि आज दवाखाना बंद ठेवून आलेल्या डॉक्टरसाहेबांचे मनापासून आभार.

आता एकच मागणं, आणि ते चारचौघांत मागतेय, कारण खोलीत मागून झालंय.

ताई, उद्यापासून तुम्ही निवृत्त. हजेरीपटावर नाव नाही, किल्ली अध्यक्षांकडे परत केलीत, या चित्रपटाची कथा, आत्ता सांगितली तेवढी सोडून, तुम्ही ऐकलेली नाही. म्हणजे तुमच्याच नियमाने तुम्ही आता परक्या. तेव्हा सोमवारी सकाळी या आणि त्या खुर्चीत बसा. काही बोलू नका. मी पडद्याकडे बघणार नाही, तुमच्याकडे बघेन.

नाही म्हणून मान हलवताय ना? दिसतंय मला. तुम्ही काय म्हणणार, तेही मला ठाऊक आहे. “मी कधीपासून परकी झाले गं?”

हेच म्हणाल ना? तरी विचारते. याल का?