स्वस्तातले रॉकर

माझ्या बाईकच्या रॉकरचं तुम्हाला सांगितलं का? इंजिनात व्हॉल्व्ह दाबणारे ते दोन छोटे तुकडे. लोणावळ्यात मेहुण्याला मागे टाकायचंच, म्हणून मी इंजिन खास जोरात फिरेल असं करून घेतलं. रॉकर मात्र तळेगावच्या गॅरेजवाल्या आबांकडून सगळ्यात स्वस्तातले निवडले. भुशीच्या चढावर ॲक्सिलेटर पिळला, तर आतून खडखड झाली आणि गाडी बंद! मेहुणा हात हलवत पुढे निघून गेला. मी तिथूनच चिडून फोन लावला, "आबा, रॉकर तुटले! तुम्हीच म्हणालात ना, चालतील म्हणून?"

"व्हय, चालत्याल म्हणलो," आबा शांतपणे म्हणाले. "पळत्याल असं कुटं म्हणलो?"