सातशे वीस की एकशे वीस

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरचे संस्थेचे मान्यवर, सहकारी, पालक आणि माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याबद्दल इतकं गोड बोललात, आभारी आहे. बत्तीस वर्षं गणित शिकवलं. पण आज मला राग आलाय, आणि निरोपाच्या दिवशी तो गिळायचा असतो हे मला कुणी शिकवलं नाही.

वार्षिक परीक्षेत प्रश्न होता: दहा मुलांमधून तिघांची स्वच्छता समिती किती प्रकारे निवडता येईल? उत्तरसूची बाईंनी केली. दहाचं क्रमगुणित भागिले सातचं क्रमगुणित, म्हणजे दहा गुणिले नऊ गुणिले आठ, सातशे वीस. एका मुलीनं त्याला तीनच्या क्रमगुणितानं, म्हणजे सहानं, पुन्हा भागलं आणि एकशे वीस लिहिलं. तिला शून्य.

अहो, रांग लावायची असती तर सातशे वीस बरोबर. तिथं पुढे कोण, मागे कोण याला अर्थ असतो. इथं तर केर काढायचाय ना? त्याच तिघांची नावं सहा प्रकारे लिहा, समिती एकच राहते. शिक्षकांच्या खोलीत हे मी तीनदा सांगितलं. आमच्या कारकुनाला चहा पिता पिता कळलं. म्हणाला, "सर, माणसं तीच, मग समिती तीच." बाई म्हणाल्या, "आता सूची बदलली तर शाळेची शोभा होईल." शोभा व्हायची ती त्या मुलीची झाली.

आणि ते शून्य दिलं कुणी? मीच. निवृत्तीला महिना उरलाय, कशाला वाकड्यात शिरायचं, असं म्हणून दिलं. माझी मलाच चीड येते.

चार गुण गेले. पुढच्या प्रवेशाच्या यादीत ती दोन गुणांनी बाहेर आहे, आणि यादी उद्या बंद होते. तिची आई शेवटच्या रांगेत बसली आहे. दुरुस्तीच्या अर्जावर विषयशिक्षकाची आणि मुख्याध्यापिकांची सही लागते. माझी सही आज संध्याकाळपर्यंतच चालते, ती मी केली आहे.

बाई, अर्ज आणि पेन तुमच्यापुढे ठेवतो.

आपण सगळे आलात, ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर ते पोटात घाला. तिचे चार गुण मात्र पोटात घालू नका. सही होईपर्यंत मी इथंच उभा आहे.