बांधाखालची माती चालते

—नाय, आधी गाडी बंद करा. चावी फिरवा म्हणते ना. त्या इंजिनावर ओरडून घसा बसला माझा. हां. आता ऐका, गोविंदादादा— नाव-गाव गाडीच्या दारावर रंगवलंय तुमच्या, विचारायला कशाला लागतं— हा मुरूम बांधावर जाणार नाय. मी रस्त्यातून हलणार नाय. कोण मी? मी सरू, पुंडलिकची मुलगी. व्हय, ज्यांनी तुम्हाला डंपर घेऊन बोलावलं त्याच पुंडलिकची. सकाळपासून पेणला सरकारी ऑफिसात होते, बांध बघायला कोणी इंजिनिअर पाठवा म्हणून सांगायला. साहेब उद्या येणार म्हणाले. उद्या! आणि परत येते तर रस्त्यात तुम्ही. बसा, बसा, खाली नका उतरू, तिथूनच ऐका.

तुम्ही निडीचे, तुमच्याकडं जमीन घट्ट. आमचं तसं नाय. बांधाच्या पलीकडं खाडी, अलीकडं भातशेती आणि घरं, आणि भरतीचं पाणी आमच्या उंबऱ्यापेक्षा उंच— मधी तेवढा बांध. दर उन्हाळ्यात वर माती टाकायची. कुठवर? तर उघाडीजवळ, भरतीचं पाणी अडवायची दारं आहेत तिथं, एक दगड आहे, आजोबांच्या वेळचा, त्यावर रेघ. रेघेला माती लागली की नारळ फोडायचा आणि घरी जायचं. आता मला सांगा, तो दगड कशावर उभा आहे? खडकावर? चिखलावरच ना! बांध खाली बसतो तसा दगडही बसतो, दोघं मिळून खाली जातात, आणि आमचे म्हातारे रेघ बघून म्हणतात, बरोबर हाय. मी म्हटलं दगड बुडतोय, तर महिपती आबा— बांधाचं सगळं तेच बघतात— म्हणाले, "दगड बुडतो व्हय गो? मग तुझं कॉलेज तरंगतं का?" सगळे हसले. बाबाही हसले. बाबा सगळ्यांत आधी हसले.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. खाडीच्या बाजूला, बांधापासून थोडं पुढं, चिखलाचा उंचवटा आलाय. पूर्वी नव्हता. आबा म्हणतात, खाडीनं जमीन दिली. दिली! खाडी कशाला देईल? तुम्ही चिखलात पाय रोवलात की बोटांच्या फटीतून चिखल वर येतो का नाय? तसंच. हे वरून माती टाकतात, वजनानं खालचा मऊ चिखल बाजूला सरकतो आणि तिकडं वर येतो. ती नवी जमीन नाय दादा, ती आमच्याच बांधाखालची माती आहे. चालत चालत बाहेर निघालीय.

हसू नका. अख्खी पृथ्वी असंच करते. कॉलेजात शिकलेय म्हणून सांगते, रोह्याला, बीएस्सी— उत्तरेकडं बर्फाचे डोंगर होते, हजारो वर्षांपूर्वी, त्यांच्या वजनानं जमीन खाली दबली आणि आतला खडक, खडक बरं का, मधासारखा हळूहळू बाजूला सरकला. बर्फ कधीच गेला, तो खडक अजून परत येतोय. आणि आत वजन सरकलं की पृथ्वीचं फिरणंही बदलतं. नाय पटत? तुमच्या चाकाला आतून एका बाजूला चिखल चिकटला की स्टीअरिंग थरथरतं का नाय? मग! चाक तेच, वजनही तेवढंच, फक्त जागा बदलली. तो सुनामीचा भूकंप झाला ना, तेव्हा समुद्राच्या तळाचा एवढा भाग खाली घसरला की दिवस लहान झाला— पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या लाखाव्या हिश्श्याइतका, पण झाला. हिशेब करून काढलंय लोकांनी. आपल्याला कळलं का? नाय. तेच तर म्हणते मी. सरकताना काही कळत नाय.

आणि ओढ? जिथं वजन जास्त तिथं ओढ जास्त. वर दोन उपग्रह सोडलेत, एकामागून एक धावणारे, खाली जड जागा आली की पुढचा जरा आधी ओढला जातो, त्यावरून कळतं कुठलं वजन कुठं गेलं. बर्फाचा डोंगरसुद्धा समुद्राला स्वतःकडं ओढून धरतो. वितळला की धरलेलं पाणी सोडतो. ते कुठं जातं? लांबच्या किनाऱ्यांवर. म्हणजे आमच्याकडं. खाडी आमच्या म्हाताऱ्यांशी भांडून वर नाय येत, तिला तिकडून सोडलंय. आणि हे म्हातारे दगडावरची रेघ धरून बसलेत.

पाणी बांधावरून येईल म्हणून घाबरतात सगळे. उद्या अमावास्या, मोठं उधाण, म्हणून हा तुमचा मुरूम. पण मला भरतीची भीती नाय. मला ओहोटीची आहे. भरतीला पाणी बाहेरून बांधाला टेकून उभं राहतं, आधार देतं. पाणी उतरलं की आधार गेला, वरचं वजन तेवढंच. मग खालची माती निघते, एकदम, दुपारच्या उजेडात, सगळे चहा पीत असताना. गेल्या वर्षी हेच सांगितलं मी ग्रामसभेत. बांध गेला नाय. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नाय. आईच्या तोंडून निरोप— तिला सांग जेवण झाकून ठेवलंय. आणि खरं सांगू का, तुम्ही परके म्हणून— रोज सकाळी उठले की मी आधी बांधाकडं बघते आणि उभा दिसला की मला... मला बरं नाय वाटत. एकदा फुटावा असं वाटतं. थोडासाच. बाबांनी एकदा माझ्याकडं बघून म्हणावं— जाऊ दे. कशाला सांगतेय मी तुम्हाला.

तर तुम्ही गाडी मागं घ्या. बाबांना सांगा टायर फुटला, काहीही सांगा. काय? भाड्याचं मी बघते ना, एवढी शेवटची खेप तर— शेवटची? तुम्ही काय म्हणालात? ही शेवटची? म्हणजे आधीच्या कुठं टाकल्यात? उघाडीच्या अंगाला, दगडापाशी? सगळ्या? आणि वर कोण आहे? बाबा? फावडं घेऊन पसरतायत? आबाही? दादा, पाणी कुठवर होतं? नीट आठवा. उतरत होतं? चिखल दिसायला लागला होता?

नाय, गाडी नको! गाडीचं वजन नको तिथं आणखी. मी धावत जाते. तुम्ही इथंच थांबा आणि हॉर्न दाबा. सोडू नका, दाबून धरा. माझं नाय ऐकत ते, हॉर्नला तरी वर बघतील. मी हात करते, खाली उतरा म्हणून— दाबा! हां, असंच. असंच धरा—

दादा, सोडलात का? दाबा ना! तुम्ही उंचावर बसलाय, मला इथून झाडं आडवी येतायत, तुम्हाला दिसतोय ना बांध? बाबा दिसतायत का? पांढरी टोपी आहे बघा.

गोविंदादादा. बांधाकडं असे बघत काय बसलात. बोला की.